आरक्षित प्रभाग ऐनवेळी खुला कसा होतो?

प्रश्न : निवडणूक तोंडावर आलेली असताना न्यायालय सरकारचा निर्णय रोखू शकतं का? – एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : अर्जुनी मोरगावकरांनी ते पाहिलंच आहे. डिसेंबर २०२१मध्ये इथे नगरपंचायतीची निवडणूक लागली होती. राज्याने अध्यादेशाने ओबीसींसाठी २७ टक्क्यांपर्यंत जागा राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबरला त्या जागांची प्रक्रिया थांबवली.

आरक्षण हवं की नको, हा वाद नव्हताच. यासाठी नेमलेल्या आयोगाने अभ्यास केला का, संस्थानिहाय आकडेवारी आहे का, एकूण आरक्षण ५० टक्क्यांत बसतं का, एवढंच पाहिलं गेलं. याच न्यायालयाच्या मार्च २०२१च्या विकास गवळी निकालाने हीच तिहेरी चाचणी लागू केली होती. आकडेवारीविना अध्यादेश अडला.

मग न्यायालयाने थांबवलेल्या जागा खुल्या प्रवर्गात घ्यायला सांगितलं. बाकीचं मतदान २१ डिसेंबरला झालं, खुल्या झालेल्या जागांचं १८ जानेवारीला.

कायदा दरवेळी रद्दच होतो असंही नाही. गवळी प्रकरणात ओबीसी आरक्षणाचं कलम टिकलं. फक्त ‘२७ टक्के’ म्हणजे ‘२७ टक्क्यांपर्यंत’, असा अर्थ लावला गेला.