रान मोडणं वेगळं, रान राखणं वेगळं

बाबू,

राजापूरकडची कलमं असलेली तीन एकर वरकस साफ करायला २४ एचपीचा लहान ट्रॅक्टर घ्यावा म्हणतोस, त्यावर रोटाव्हेटर स्वस्तात मिळतोय म्हणतोस, आणि विचारतोस एवढंच की एचपी पुरेल का. पुरेल की नाही ते काम कोणतं यावर ठरतं, आणि तू दोन कामं एकाच दाव्याला बांधली आहेस. दहा-बारा वर्षं माणूस न शिरलेलं रान मोडणं हे एक काम. मोकळ्या झालेल्या जमिनीवर दर पावसाळ्यात माजणारं गवत-झुडूप कापून ठेवणं, म्हणजे आपली बेणणी, हे दुसरं. लहान ट्रॅक्टर दुसऱ्या कामाचा आहे. पहिल्या कामाला तो जुंपलास तर ट्रॅक्टर खिळखिळा होईल, माती जाईल आणि रान मात्र दोन पावसाळ्यांत पुन्हा उभं राहील.

आधी हिशेब बघू. कंपनी २४ एचपी सांगते ती इंजिनाची. मागच्या पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, त्यातली वीसच्या आसपास पोचते. स्लॅशर, ज्याला दुकानदार ग्रास कटर म्हणतात, त्याला दर फूट रुंदीमागे ढोबळ मानाने पाच एचपी लागतात. म्हणजे चार फुटी स्लॅशर तुझ्या ट्रॅक्टरला बरोबर बसतो. पाच फुटी घेतलास तर ओल्या गवतात इंजिन घुसमटेल. ताशी तीन किलोमीटर चालीने चार फुटी पात्याखाली कागदावर छत्तीस गुंठे येतात. वळणं, कलमांभोवतीचे फेरे आणि अडकलेलं गवत काढणं धरून तासाला पंचवीस गुंठे खरे मान. एकराला दीड-पावणेदोन तास, तीन एकरांना एक दिवस. बेणणीला माणूस मिळत नाही ही तुझी तक्रार खरी आहे, आणि त्यावर एवढं उत्तर पुरेसं आहे. पण हे गणित गवताचं आणि बोटाएवढ्या काटकीचं. मनगटाएवढं खोड आलं की पातं ते कापत नाही, ठेचतं.

आणि ठेचलेलं खोड मरत नाही. घाणेरी किंवा करवंद जमिनीलगत छाटलंस तर एका खोडाच्या जागी पाच-सहा फुटवे येतात. घाणेरीवर दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जी पद्धत बसवली तिचं मर्मच हे की मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि अख्खं जाळं उचलून उलटं टाकायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम कुदळीचं. तेही झुडुपागणिक एकदाच करायचं असतं, दर वर्षी नव्हे. रानमोडीचं उलट आहे: तिचं बी वाऱ्यावर जातं, म्हणून ती फुलावर यायच्या आत कापली की पुढल्या वर्षीची निम्मी लढाई संपते, आणि तिथे स्लॅशर हवाच. म्हणजे एकाच बांधावरच्या दोन झुडुपांना दोन औषधं. हे पाहिल्याशिवाय अवजार निवडणं म्हणजे ताप कसला हे न विचारता गोळी देणं.

तू म्हणशील, मग जेसीबी लावू, दोन दिवसांत मैदान. मोठी जाळी उपटायला, दगड बाजूला सारायला तासावर जेसीबी आणण्याला माझी ना नाही, माणूस पुढे उभा राहून दाखवत असेल तर. पण 'मैदान' हा शब्दच मला नको आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि जांभ्यावर मातीचा थर कुठे हातभर, कुठे वीतभर. ती उघडी पाडलीस की जूनच्या पहिल्या सरींनीच व्हाळ तांबडा होतो. रोटाव्हेटरला माझा विरोध याच कारणाने. भाताच्या खाचरात तो योग्य, कारण तिथे बांध आहे, पाणी थांबतं. उतारावर तो माती पिठासारखी करतो आणि वाहून जायला मोकळी करतो. शिवाय कलमांच्या वरवर पसरलेल्या बारीक मुळ्या कापतो. स्वस्त म्हणून घेतलेला रोटाव्हेटर तुझ्याकडे वर्षाचे बारा महिने मांडवात उभा राहावा अशी माझी इच्छा आहे. त्यापेक्षा तेच पैसे स्लॅशरला घाल. कापलेलं गवत जागेवरच पडू दे, कलमांच्या आळ्यांत ओढ. ते आच्छादन आहे, कचरा नव्हे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: वाळलेलं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण, नांगरलेल्या जमिनीला आग लागत नाही. बरोबर. पण आग अडवायला सगळी जमीन बोडकी करावी लागत नाही. गडग्याच्या आतून चारी बाजूंना दहा-बारा फुटांचा पट्टा दिवाळीनंतर तासून ठेव, तेवढ्यापुरतं मागचं लेव्हलर पातं वापर. आत ऑक्टोबरात गवत हिरवं असतानाच कापलंस तर ते जमिनीला चिकटून कुजायला लागतं. कमरेएवढं उभं वाळलेलं गवत जसं भडकतं तसं ते भडकत नाही. उशीर करून जानेवारीत कापलंस तर मात्र आक्षेप घेणारा जिंकला.

झाडांबद्दल एक. साफसफाईच्या नादात ऐन, किंजळ, खैर, जांभूळ यांना हात लावू नकोस. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात ही झाडं आहेत. जमीन आपल्या नावावर असली तरी तोडायला परवानगी लागते.

आता ज्यासाठी हे पत्र लांबवलं ते. हा ट्रॅक्टर दोन कलमांमधून जातो कारण तो अरुंद आहे, आणि अरुंद आहे म्हणूनच तो कलंडतो. लहान म्हणजे कमी धोक्याचा, हा समज शोरूममध्येच सोडून ये. उतारावर आडवा कधी चालवू नकोस. सरळ वर, सरळ खाली. मागे जड अवजार उचलून चढ चढताना पुढची चाकं हलकी होतात, तेव्हा पुढे वजनं लाव किंवा चढ उलट्या गिअरमध्ये घे. चालकाच्या डोक्यावर लोखंडी संरक्षक बार असलेलंच मॉडेल घे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना तो सक्तीचा केला आणि कलंडून मरणारांची संख्या तिथे उतरत गेली. फांद्या लागतात म्हणून लोक तो काढून ठेवतात. तू दुमडणारा घे, कलमाखाली दुमड, बाहेर आलास की उभा कर आणि पट्टा बांध. बार दुमडलेला असताना मात्र पट्टा बांधू नकोस.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातल्या पंचाचं टोक त्यात गेलं तर 'अरे' म्हणेपर्यंत नऊ वेढे बसलेले असतात. म्हणून त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं की काम त्याच क्षणी बंद, आणि पंचा घरी. स्लॅशरच्या पात्याचं टोक सेकंदाला साठ मीटरच्या आसपास धावतं. त्याने उडवलेला जांभ्याचा खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. कापणी सुरू असताना पन्नास पावलांत कुणी नको, भाऊ जेवणाचा डबा घेऊन आला तरी. पाती बिजागरीवर झुलती असतात ती याचसाठी, दगडावर आपटली की मागे वळावीत. बोल्ट घट्ट आहेत का हे रोज बघ, पण पातं हाताने फिरवून सैल झुलतंय हेही बघ. शिअर बोल्ट तुटला तर त्याच जातीचा घाल. पोलादी कडक बोल्ट ठोकलास तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जाईल.

पैसे भरण्याआधी एक कर. दहा फुटांची सरळ काठी आणि पाणसाळ घेऊन जमिनीवर जा. काठीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकव, काठी पाणसाळीने आडवी धर आणि उताराकडच्या टोकापासून जमीन किती खोल आहे ते मोज. पावणेतीन फूट भरली तर उतार पंधरा अंशांचा झाला. त्याच्या वरचा तुकडा ट्रॅक्टरचा नाही, तो खांद्यावरच्या ब्रशकटरला आणि कोयत्याला सोडायचा. प्रत्येक तुकड्याचे आकडे लिहून मला पाठव. स्लॅशर तीन फुटी की चार फुटी, ते त्यावरून ठरवू.

तुझा,
काका