शिस्त सर्वांना सारखीच का?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : याकोब २:१-९



सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायापाशी. असा पक्षपात पाप आहे, असे याकोब सांगतो. तोच पक्षपात शाळेतल्या शिक्षेत कसा शिरतो, हे या पाठात पाहू.

अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाचा २०१८ चा अहवाल सांगतो की, २०१३-१४ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १५.५ टक्के होते. पण शाळेतून निलंबित झालेल्यांत ते सुमारे ३९ टक्के होते. मग ही मुले जास्त वाईट वागतात काय? रसेल स्किबा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका मोठ्या शहरातील शाळांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांची तक्रार जास्त करून धूम्रपान, नासधूस अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी होई. कृष्णवर्णीय मुलांची ‘अनादर’, ‘फार गोंगाट’ अशा, शिक्षकाच्या मतावर ठरणाऱ्या कारणांसाठी.

आपल्याकडे पाड्यांवर काम करताना मला असाच एक शब्द वारंवार ऐकू येतो : ‘उद्धट’. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते. कोरकू मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे. प्रश्न न कळल्याने ते गप्प राहते आणि उद्धट ठरते. कातकरी मूल आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते आणि परतल्यावर ‘दांडीबहाद्दर’ म्हणून बोलणी खाते. अशा वेळी शिक्षा वागण्याला नव्हे, परिस्थितीला होते. पुढे मूल शाळेचे नावच काढत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पण कायदा पाड्यापर्यंत कोणीतरी पोहोचवावा लागतो.

आपण काय करावे?

१. ‘मुलाने नेमके काय केले?’ असे शाळेला नम्रपणे विचारावे. शेरा नको, घडलेली गोष्ट लिहिली जावी.

२. मुलाचे म्हणणे आधी त्याच्या भाषेत ऐकले जावे. ती भाषा जाणणाऱ्याने सोबत जावे.

३. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पाड्यावरच्या आईबापांना तिथे बोलण्याचे बळ द्यावे. शिक्षा कोणाला व कशासाठी झाली, याच्या नोंदी समितीने दर सत्राअखेर पाहाव्यात.

मननासाठी प्रश्न : आपल्या संडेस्कूलमध्ये आणि वसतिगृहात वारंवार उभे केले जाते ते मूल कोणाचे असते?