कारखान्याबाहेरचा मशवरा : घाटघरच्या पठारावर एक दिवस

आपल्या समाजातील बहुतेक धंदे लहान आहेत. वेल्डिंगचे वर्कशॉप, गॅरेज, शिलाईचा कारखाना, बेकरी, फर्निचरचे काम, फळांची आडत. मालक एक आणि हाताखाली पाच ते पंधरा माणसे. अशा ठिकाणी मालक व कारागीर दिवसभर एकाच छताखाली असतात, तरीही त्यांच्यात बोलणे असे होतच नाही. मशीनचा आवाज, गिऱ्हाईकांची घाई आणि फोन यांतून फक्त हुकूम आणि होकार एवढेच उरते. कारागीर सहसा तक्रार करीत नाही. तो एके दिवशी न सांगता शेजारच्या दुकानात कामाला लागतो, आणि दहा वर्षांचा शिकलेला हात गेल्यावर मालकाला कळते की काहीतरी बिनसले होते.

यावर एक सोपा उपाय आहे. वर्षातून दोन वेळा सर्वांना घेऊन मोकळ्या जागी जावे, बरोबरीने बसावे आणि धंद्याविषयी मशवरा करावा. ही सहल नव्हे आणि भाषणाचा कार्यक्रमही नव्हे. मालकाने ऐकण्यासाठी काढलेला हा दिवस आहे.

मशवऱ्याचा आदेश

मशवरा ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. उहुदच्या लढाईपूर्वी (हिजरी ३, इ.स. ६२५) प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मत मदीनेत राहूनच मुकाबला करावा असे होते, परंतु अनेक साथीदारांचा आग्रह पाहून ते बाहेर पडले. त्या लढाईत मुसलमानांचे नुकसान झाले. तरीही त्याच प्रसंगाच्या संदर्भातील सूरह आले-इमरानच्या १५९ व्या आयतीत साथीदारांना माफ करण्याचा आणि त्यांचा मशवरा घेण्याचा आदेश आहे. म्हणजे एखादा सल्ला चुकला म्हणून सल्ला घेणे थांबवायचे नाही. पुढे खंदकाच्या लढाईत (इ.स. ६२७) ह. सलमान फारसी (र.) यांनी खंदक खोदण्याची सूचना केली. ते इराणातून आलेले आणि काही काळापूर्वीपर्यंत गुलामीत असलेले गृहस्थ. त्यांचे म्हणणे मानले गेले, आणि प्रेषितांनी (स.) स्वतः माती वाहिली. मालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात : चांगली सूचना कोणाकडूनही येऊ शकते, आणि ती मानल्यावर आपणही हात लावावा लागतो.

महाराष्ट्राचा अनुभव

मालक ऐकत नाही तेव्हा कामगार स्वतःच मोकळ्या मैदानावर जमतात. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून यासाठी कामगारांच्या सभा घेतल्या. १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एक साधी मागणी ऐकून घ्यायला सहा वर्षे लागली. आपल्या दहा माणसांच्या कारखान्यात हे एका दुपारी होऊ शकते.

घाटघरच का?

जुन्नर, नारायणगाव, मंचर या भागातील बंधूंसाठी घाटघर ही सोयीची जागा आहे. (अकोले तालुक्यातील जलविद्युत प्रकल्पाचे घाटघर वेगळे. हे जुन्नर तालुक्यातील, नाणेघाटाच्या माथ्यावरचे.) जुन्नरपासून ते सुमारे ३० किलोमीटरवर आहे. एका बाजूस जीवधन किल्ला, दुसऱ्या बाजूस खाली कोकण आणि मध्ये मोकळे पठार.

व्यापाऱ्यांना ही जागा परकी नाही. सातवाहन काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सोपारा व कल्याण बंदरांचा माल नाणेघाटाने चढून जुन्नरच्या बाजारात येत असे. घाटात ब्राह्मी शिलालेखाचे लेणे आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकली जाई असे लोक सांगतात. हा ‘जकात’ शब्द मराठीत अरबीतूनच आला, अर्थ मात्र इथे मालावरील कराचा झाला. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. एकत्र येऊन धंदा करण्याची रीत या मातीत जुनी आहे.

बैठक कशी घ्यावी?

(१) दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी. आठवड्याची सुट्टी कापून नेऊ नये. रोजंदारी बुडाली तर माणूस बोलणार नाही, मनात हिशेब करीत बसेल.

(२) सतरंजीवर गोल बसावे. मालकासाठी खुर्ची नको. जेवण सर्वांना एकच. बिगरमुस्लिम सहकारी असतील तर त्यांना काय चालते ते आधी विचारावे.

(३) बोलण्याची सुरुवात सर्वांत धाकट्या पोऱ्यापासून करावी. उस्ताद आधी बोलले की शागिर्द मान डोलावतात. मालकाने सर्वांत शेवटी बोलावे.

(४) प्रश्न तीनच ठेवावेत : काम कोठे अडते? माल कोठे वाया जातो? आपल्याला एकमेकांकडून काय हवे?

(५) कोणाचा पगार, उचल किंवा चूक यांची चर्चा सर्वांसमोर करू नये. ते एकट्याला बाजूला घेऊन बोलावे. चारचौघांत अपमान झालेला कारागीर पुन्हा तोंड उघडत नाही.

(६) घरी बसून काज-बटण किंवा जरीचे काम करणाऱ्या भगिनी याही आपल्याच कामगार आहेत. त्यांना सोयीच्या वेळी, गावातच, त्यांची वेगळी बैठक घ्यावी.

(७) ठरलेल्या गोष्टी वहीत लिहाव्यात : काय करायचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. त्यांपैकी किमान एक गोष्ट आठ दिवसांत झालीच पाहिजे, मग ती पिण्याच्या पाण्याची असो, पंख्याची असो की पगाराची तारीख पाळण्याची.

सातवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. बोलावून घेतले आणि काहीच केले नाही, तर न बोलावलेले बरे होते असे कारागिरांना वाटते.

हिशेब

एक दिवस काम बंद ठेवणे परवडेल का, असे काही बंधू विचारतील. समजा दहा कारागीर आहेत आणि हत्यार शोधणे, चुकीचे माप, दुबार काम यांत प्रत्येकाचा रोज अर्धा तास जातो. म्हणजे रोज ५ तास, महिन्याच्या २५ दिवसांत १२५ तास. दहा जणांचा एक दिवस म्हणजे ८० तास. बैठकीमुळे वाया जाणाऱ्या वेळेपैकी निम्मा जरी वाचला, तरी तो दिवस दीड महिन्याच्या आत भरून निघतो. शिवाय एक जाणता कारागीर टिकला तर त्याची किंमत वेगळीच.

थोडी काळजी

पावसाळ्यात येथे जोराचा पाऊस आणि दाट धुके असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. कड्याच्या काठावर बसू नये. लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेथे चूल पेटवू नये, नावे कोरू नयेत. जेवण गावातील एखाद्या घरी आधी सांगून घ्यावे आणि त्याचे पैसे चोख द्यावेत. गोश्त हवे असल्यास हलाल गोश्त आपणच न्यावे. वुजूचे पाणी बरोबर ठेवावे आणि जोहरची नमाज जमाअतीने अदा करावी. एकाच सफेत उभे राहिल्यावर मालक कोण आणि मजूर कोण हे उरत नाही, बैठकीतही तेच साधायचे आहे. कचरा परत आणावा आणि अंधारापूर्वी निघावे.

ज्यांना घाटघर दूर आहे त्यांनी जवळचा मळा, नदीकाठ किंवा मैदान निवडावे. जागेपेक्षा ऐकण्याची नियत मोठी.

अल्लाह आपल्या रोजीत आणि आपल्या सहकाऱ्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.