मुक्ताचा निबंध



वाचायला शिकणे म्हणजे काय? अक्षरे ओळखणे, ती जोडून शब्द वाचणे आणि वाचलेल्याचा अर्थ समजणे. पण एवढ्याने भाषेचे शिक्षण पुरे होते का? पुण्यातील एका मुलीची हकिकत वाचा. उत्तर तुम्हांला सापडेल.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंना लग्नानंतर जोतीरावांनीच लिहायला-वाचायला शिकवले होते. त्या शिकवायला निघाल्या, की काही लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकत. तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंनी अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठीही शाळा काढल्या.

त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. ती मांग समाजातील होती. तिचे वय साधारण चौदा वर्षे होते. सुमारे तीन वर्षे शिकल्यावर तिने एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता मांग-महारांचे दुःख. आपल्या लोकांना शिकण्याची बंदी कशी होती, घराअभावी बायकांना बाळंतपणातही थंडीपाऊस कसा सोसावा लागे, हे तिने मांडले. ज्ञान हेच या दुःखावरचे औषध आहे, असे तिने आपल्या लोकांना सांगितले. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात हा निबंध छापून आला.

मित्रांनो, विचार करा. ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्यातली एक मुलगी आता स्वतःच बोलू लागली. मुक्ता दुसऱ्यांचे लिहिलेले वाचायला शिकलीच, पण स्वतःचे म्हणणेही लिहायला शिकली. शिक्षकांच्या मेहनतीचे चीज झाले.

शिकवणाऱ्यांनीही लेखणी अशीच वापरली. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्या पत्रात आहे. त्या काळी एका स्त्रीने आपल्या मनातले असे कागदावर उतरवणे ही साधी गोष्ट नव्हती.

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता. मराठी डावीकडून उजवीकडे लिहायची. कागद, शाई, दुकान, बाजार हे शब्द मराठीत तुम्हांला ओळखीचेच भेटतील. तेव्हा घाबरू नका. धडा नुसता पाठ करू नका. आपल्या मोहल्ल्यातील एखादी अडचण मराठीत पाच ओळींत लिहा. चुका होतील, त्या सुधारता येतील. घरातल्या लहान भावंडाला वाचायला शिकवाल, तेव्हा त्यालाही रोज स्वतःचे एक वाक्य लिहायला सांगा.

स्वाध्याय
१. मुक्ताने निबंधात कोणते दुःख मांडले?
२. सावित्रीबाईंच्या पत्रात कोणाची आठवण आहे?
३. ‘मेहनतीचे चीज होणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.