पिंगळ्याची चौकी

चंडीगडच्या सेक्टर 30 मध्ये आमच्या घरासमोर आंब्याचे जुने झाड आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. या सुट्टीत मी रोज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्यावर पाळत ठेवली. पिंगळा म्हणजे जेमतेम 21 सेंटिमीटरचे घुबड, साळुंकीहूनही लहान. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळे डोळे. याचाच भाऊबंद रानपिंगळा 1884 नंतर नाहीसा झाला असेच सारे समजत होते. तो 1997 साली आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला!

पिंगळा भक्ष्यामागे भटकत नाही. रस्त्यावरच्या दिव्याजवळची तार ही त्याची चौकी. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली येतात, आणि हा गप्प बसून राहतो. एकदा मी घड्याळ लावले, तर 17 मिनिटे तो जागचा हलला नाही. मग अचानक डोके वर-खाली, डावीकडे-उजवीकडे. बघणाऱ्याला हसू येते, पण तो अंतर मोजत असतो. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, फिरवता येत नाहीत. म्हणून मान फिरते, तीही 270 अंशांपर्यंत. आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14. डोके हलवून तो एकच भक्ष्य वेगवेगळ्या कोनांतून पाहतो. नकाशावाचनाच्या तासाला आपण दोन ठिकाणांहून बेअरिंग घेतो, तसेच हे. अंतर कळले की एकच झेप.

न पचलेले भाग तो गोळी करून तोंडावाटे टाकतो. झाडाखालची अशी एक गोळी मी हातमोजे घालून पाण्यात भिजवली आणि चिमट्याने सोडवली. भुंगेऱ्यांच्या पंखांची कडक कवचे, पालीचा जबडा, आणि उंदराची छोटी कवटी, दातांसकट.

त्या कवटीमुळेच मला काळजी वाटते. आमच्या गल्लीत उंदरांसाठी विषारी औषध टाकायचे चालले आहे. अशा बऱ्याच औषधांनी रक्त गोठत नाही, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि पिंगळ्याला आयताच सापडतो. मग तेच विष पिंगळ्याच्या पोटात जाते. सध्या ढोलीत दोन पिले आहेत.

बाबांनी दोन पिंजरे आणून लावले. पहिल्याच रात्री तीन उंदीर अडकले. शेजारच्या काकांना हे पटले आहे, बाकीच्यांशी रविवारी बोलायचे आहे. गोळीतली कवटी मी काडेपेटीत जपून ठेवली आहे, त्यांना दाखवायला.