रेंज फुल, तरी नेट स्लो का?

प्रश्न : आमचं घर रत्नागिरी तालुक्यात आहे. जुनं, चिऱ्याचं, लांबट. फायबरचा राउटर ओटीवर लावलाय. मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते आणि मागच्या खोलीत बसते. तिथे वायफाय पोचत नव्हतं, म्हणून रेंज एक्स्टेंडर आणून त्याच खोलीत बसवला. आता मोबाइलवर रेंज फुल दिसते, पण व्हिडिओ मीटिंग मध्येच अडकते. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. ओटीवर ९० च्या पुढे स्पीड मिळतो, मागच्या खोलीत जेमतेम ८. इंटरनेटवाला म्हणतो, ३०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नका. ओटीवर ९० च्या पुढे स्पीड मिळतोय, म्हणजे फायबर, राउटर आणि प्लॅन तिन्ही ठीक आहेत. वेग हरवतोय तो ओटी आणि मागची खोली यांच्या दरम्यान, तुमच्या घरातच. ३०० चा प्लॅन घेतलात तर ओटीवरचा आकडा वाढेल, मुलीच्या खोलीतले ८ तसेच राहतील आणि दर महिन्याला जास्तीचे पैसे जातील.

मोबाइलवर फुल दिसणारी रेंज ही फक्त मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातली आहे. दोघं एकाच खोलीत, तेव्हा ती फुल दिसणारच. खरा प्रश्न एक्स्टेंडरला राउटर किती नीट ऐकू येतो हा आहे, आणि ते मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट तयार करत नाही, आलेलं पुढे देतो. ज्या खोलीत राउटरचा सिग्नल पोचत नव्हता, तिथेच तुम्ही तो लावलात. मग मोबाइलला जे मिळत नव्हतं, ते त्यालाही मिळणार नाही.

दुसरं कारण एक्स्टेंडरच्या कामाच्या पद्धतीत आहे. साधा एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर राउटरकडून माहिती घेतो आणि त्याच चॅनेलवर मोबाइलला देतो. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी जमत नाही. निरोप सांगणारा माणूस आधी पूर्ण ऐकून घेतो आणि मगच पुढे सांगतो, तसंच. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. हा यंत्राचा दोष नाही, महागडा एक्स्टेंडर घेतला तरी एका चॅनेलवर हेच होणार.

आता एक्स्टेंडरच्या खोक्यावर लिहिलेल्या ‘३०० एमबीपीएस’चा हिशोब पाहा. हा आकडा दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल धरून काढलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर गर्दी असली की यंत्रं बहुधा २० मेगाहर्ट्झवरच चालतात आणि ३०० चे १४४ होतात. हा दोन यंत्रांनी आपसात ठरवलेला कमाल वेग. एकमेकांची वाट पाहण्यात आणि पोच देण्यात वेळ जातो, त्यामुळे हातात निम्मे, म्हणजे ७० च्या आसपास येतात. एक्स्टेंडरमुळे त्याचे पुन्हा निम्मे, साधारण ३५. त्यात मध्ये चिऱ्याच्या दोन-तीन जाड भिंती. ८ कुठून आले, ते आता दिसेल. पावसात भिंतींत पाणी मुरतं तेव्हा सिग्नल आणखी शोषला जातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हेच काम स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कपाटं आणि मोठे आरसे करतात.

तुम्ही म्हणाल, मीटिंगला ८ पुरायला हवेत. बरोबर आहे, एका एचडी व्हिडिओ मीटिंगला ३-४ एमबीपीएस पुरतात. पण ८ ही सरासरी आहे. कमजोर सिग्नलमध्ये माहितीचे तुकडे गळतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. क्षणभर २० मिळतात, पुढच्या क्षणी शून्य. सिनेमा आधीच थोडा साठवून ठेवलेला असतो, म्हणून तो चालतो. मीटिंग साठवता येत नाही, म्हणून ती अडकते. हे तपासायला मुलीच्या लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) पिंग करून पाहा. उत्तरं सतत ५-१० मिलिसेकंदांत आली तर घरातला रस्ता चांगला. मध्येच ३०० वर उडी मारत असतील किंवा उत्तरच येत नसेल, तर खोट घरातच आहे. या तपासणीत बाहेरचं इंटरनेट येतच नाही, म्हणून ती मला स्पीड टेस्टपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता उपाय. आधी एक्स्टेंडर हलवा, त्याला पैसे लागत नाहीत. अँड्रॉइड मोबाइलवर वायफायचा सिग्नल मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि एक्स्टेंडर बंद करून ओटीवरून मागे चालत जा. सिग्नल डीबीएममध्ये उणे आकड्यांत दिसेल. राउटरजवळ उणे ४० ते ५०, माजघरात कदाचित उणे ६०-६५, मागच्या खोलीत उणे ८० च्या आसपास. शून्यापासून जितकं दूर, तितका सिग्नल कमजोर, आणि १० ने घसरला की ताकद एक दशांश उरते. जिथे उणे ६५ च्या आसपास आकडा दिसेल आणि तिथून मागच्या खोलीपर्यंत शक्यतो एकच भिंत मध्ये असेल, तिथे एक्स्टेंडर लावा. तुमच्या घरात ती जागा माजघर असेल असं मला वाटतं. छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवा. फ्रीजमागे, टीव्हीमागे, कपाटात नको. मायक्रोवेव्हपासूनही लांब, कारण तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि चालू असेपर्यंत याच बँडमध्ये गोंगाट करतो. जागा बदलल्यावर मुलीच्या मोबाइलवर रेंज थोडी कमी दिसेल. त्याने घाबरू नका, स्पीड वाढलेला असेल.

मग सेटिंग पाहा. एक्स्टेंडर दोन बँडचा असेल तर राउटरशी एका बँडवर आणि मोबाइलशी दुसऱ्या बँडवर बोलू द्या. काही कंपन्या याला ‘हाय स्पीड मोड’ म्हणतात. घेणं एका वाटेने, देणं दुसऱ्या वाटेने, त्यामुळे वेग निम्मा होत नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतींपुढे लवकर हार मानतो. चिऱ्याच्या घरात दोन्ही जोड्या लावून मोजा आणि जी चांगली ठरेल ती ठेवा. २.४ वर राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळं निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. साधा एक्स्टेंडर राउटरचंच चॅनेल घेतो, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

एवढं करून भागलं नाही, तर केबल टाका. ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ ची लॅन केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिटचा वेग बिनतक्रार नेते, भिंतीची जाडी तिला आडवी येत नाही. एक्स्टेंडरला लॅन पोर्ट असेल तर तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर घाला आणि मागच्या खोलीतच लावा. आता राउटरशी बोलायला हवेची गरज उरत नाही, सगळी हवा मुलीच्या लॅपटॉपसाठी मोकळी. स्वस्त एक्स्टेंडरचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण तुमच्या प्लॅनला तो पुरतो. केबल विजेच्या वायरीच्या पाइपमधून नेऊ नका, वेगळी पट्टी मारा. घरातून काम करणाऱ्या माणसासाठी यासारखा दुसरा खात्रीचा खर्च मला माहीत नाही.

प्रश्न : घरात जुना राउटर पडून आहे. तो एक्स्टेंडरऐवजी चालेल का?

उत्तर : केबल टाकणार असाल तर उत्तम चालेल. त्यातलं डीएचसीपी बंद करा, नाहीतर घरात दोन राउटर पत्ते वाटत बसतील आणि नेट अधूनमधून गायब होईल. त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनेल मात्र वेगवेगळी.

प्रश्न : ओटीवरून मागच्या खोलीत गेलो तरी मोबाइल लांबच्या राउटरलाच धरून बसतो. असं का?

उत्तर : कोणाशी जोडायचं हे बहुतांशी मोबाइल ठरवतो, आणि मिळालेलं कनेक्शन तो सहजी सोडत नाही. वायफाय एकदा बंद करून चालू करा, तो जवळचं पकडेल. स्पीड मोजतानाही हे आधी करा आणि मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर भलत्याच गोष्टीचा वेग मोजला जाईल.

प्रश्न : मग सरळ मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या वायफायच्या डब्यांचा संच, घ्यावा का?

उत्तर : दोन मजली किंवा पसरलेलं घर असेल, चालता-फिरता सगळीकडे नेट हवं असेल, तर मेश चांगला. त्याचे डबे मोबाइलला जवळच्या डब्याकडे वळवतात आणि तीन बँडच्या मेशमध्ये एक बँड आपसात बोलायला राखून ठेवता येतो. पण मेशचे डबेही हवेतूनच बोलतात. दोन डब्यांमध्ये चिऱ्याच्या तीन भिंती असतील तर त्यांचीही गत एक्स्टेंडरसारखीच होईल. म्हणून आधी मोजा, मग जागा बदला, मग केबलचा विचार करा. मेश आणि मोठा प्लॅन त्यानंतर.