समोरासमोरच्या जोड्या

अरे, पणजीची गाडी फलाटाला लागायला अवकाश आहे. स्वारगेटला उभ्याउभ्याच सांगते, ऐक. कॉम्पोझिटच्या कामाला गोव्यात चाललायस. नौदलाच्या जहाजांसाठीचा देशी सोनार डोम २०१६ साली तिथूनच बाहेर पडला. आखला आपल्या दिघीच्या आरडीई या संरक्षण प्रयोगशाळेनं, घडवला गोव्याच्या किनेको कंपनीनं. एवढं मोठं धूड, आणि काचेचा एकेक तंतू जेमतेम १०-२० मायक्रॉनचा. कॉम्प्युटरवर सगळे तंतू मेश कोण करणार? म्हणून पुन्हापुन्हा येणारा एकच तुकडा, म्हणजे युनिट सेल, घ्यायचा आणि पिरिऑडिक बाउंडरी कंडिशन लावायची. समोरासमोरच्या बाजूंवरच्या दोन नोडच्या सरकण्यातला फरक म्हणजे सरासरी स्ट्रेन गुणिले सेलची लांबी, बस्स.

नोडच्या जोड्या जुळायला डावीकडचा मेश उजवीकडे जसाच्या तसा हवा. एक बाजू आधी मेश कर, समोर कॉपी कर, मग आतलं पोट भर.

खरा घोळ कडा-कोपऱ्यांवर. कोपऱ्यातला नोड तीन बाजूंचा, म्हणून तीन समीकरणांत सापडतो. अबॅकस हे सॉफ्टवेअर समीकरणातला पहिला नोड बाद करतं. तोच पुन्हा दुसरीकडे आला की अडून बसतं. तेव्हा बाजू, कडा, कोपरे यांचे सेट वेगळे ठेव. आणि अख्खा सेल तरंगू नये म्हणून एकच नोड बांध, दुसरा नाही.

शिअरमध्ये बाजू सपाट धरू नकोस. नुसतं ओढताना, सेल सममित असेल तर खपतं. शिअरमध्ये बाजू वाकडी व्हायलाच हवी. दाबून ठेवलीस तर माल उगाच कडक दिसतो आणि साहेब खूश होतात. शिअर स्ट्रेनचा गॅमा म्हणजे दोन एप्सिलॉन, हेही वहीत लिही.

तंतूच्या जागीही इपॉक्सीच घालून एकदा चालव. स्ट्रेस सगळीकडे एकसारखा आला नाही, तर समीकरणात खोट आहे. मग तंतू ६० टक्के, काच ७२ गिगापास्कल, इपॉक्सी ३.५ धर, वाट्याप्रमाणे बेरीज करून तंतूच्या दिशेनं ४४.६ च्या आसपास यायला हवं. आडव्या दिशेला हे बोटांवरचं गणित फसतं, सेलचा खरा उपयोग तिथंच. शेवटी वाकलेल्या सेलच्या नऊ प्रती फरशीसारख्या मांडून बघ, फट दिसता कामा नये.

डोमच्या मोकळ्या कडेला किंवा बोल्टच्या भोकाशी मात्र यातलं काही लावू नकोस, शेजारी सेलच नसतो तिथं. भेगेचंही तेच, तुझ्या एका सेलमधली भेग सगळ्या सेलमध्ये एकाच वेळी पडलेली धरली जाते. तिथं खराखुरा तुकडाच मॉडेल कर, मशीन रात्रभर चाललं तरी चालेल.